तिकीट नंबर 17

जून 2024 मधला मंगळवार होता. सोमवारची सुट्टी संपून भट्टी नुकतीच तापायला लागली होती. पावणेदहाला गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"ताई, मामा आल्यात. आत सोडू का?"

त्या "सोडू का"नं पोटात कालवलं. मामा आमचे जुने भट्टीवाले. 23 वर्षं ते त्या गेटमधून आत येत होते, त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि दीड वर्षापूर्वी त्यांना कामावरून काढल्याच्या पत्रावर सही माझीच होती. मी म्हटलं, "चारला यायला सांगा." तेवढा वेळ मला हवा होता. मामा घरी गेले नाहीत, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर चार वाजेपर्यंत बसून राहिले, हे मला नंतर समजलं.

आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या एमआयडीसीत आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात दुसऱ्याच्या मोल्डिंग शॉपमध्ये काम शिकले आणि पुढं स्वतःचं शेड टाकलं. पाचशे किलोची इंडक्शन भट्टी, चाळीसेक माणसं. पंपाचे भाग आणि ट्रॅक्टरची कास्टिंग हे आमचं काम. मामा 1999 साली हेल्पर म्हणून आले आणि पाच वर्षांत भट्टीवर उभे राहिले. निळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाच्या रसाकडं बघून ते तापमान सांगायचे. मग तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरची टिप बुडवली की दहा-वीस डिग्रीचाच फरक निघायचा. ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. आम्ही सगळे शहरात अडकलो आणि कारखाना पलीकडं राहिला. मामा पाणी चढायच्या आधीच तिथं जाऊन बसले होते. किती दिवस थांबावं लागेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरून आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांवर त्यांनी ते दिवस काढले.

अशा माणसाला मी काढलं. का, ते सांगते.

जुलै 2022 मधली रात्रपाळी होती. दिवसभर पाऊस कोसळत होता आणि स्क्रॅपच्या शेडचा एक पत्रा गळत होता. भट्टीत टाकायच्या मालात बोरिंग असतं, म्हणजे मशीन शॉपमधून येणारा बिडाचा चुरा. त्याला मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा ओलावा असतोच, त्यात पावसाचं पाणी गेलं. ओलं बोरिंग सुकवल्याशिवाय भट्टीत टाकायचं नाही, हा आमच्याकडं पहिला नियम आहे. साडेचौदाशे डिग्रीच्या रसाखाली पाणी गेलं की त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. ती जागा वाफ स्वतः करून घेते. रस वर उडतो.

त्या रात्री तसंच झालं. पत्र्यापर्यंत रस उडाला. भट्टीवर सळईनं स्लॅग, म्हणजे रसावरची मळी, काढायला उभा असलेला पोरगा, वय बावीस, उजव्या हातावर आणि मानेवर भाजला. चामड्याचा ॲप्रन खुंटीला होता. मामांनीच त्याला खाली उतरवून हातावर पाणी ओतलं. पोरगा वाचला, पण साडेतीन महिने घरी होता. विमा योजनेतून त्याला पगाराच्या नव्वद टक्के मिळत होते, वरची रक्कम आम्ही घालत होतो.

मग चौकशी लागली. आरोपपत्र, बाहेरचे वकील चौकशी अधिकारी, तीन बैठका. मामांनी पहिल्याच बैठकीत चूक कबूल केली. अहवाल आला, आमच्या लेबर कन्सल्टंटनी पत्र तयार केलं आणि डिसेंबरात मी सही केली. नुकसानीपोटी ग्रॅच्युइटीतून रक्कम कापता येते, तसं त्यांनी सुचवलंही. मी कापली नाही. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही महिन्याचा पगार 26 नं भागून, अशी 23 वर्षांची पूर्ण रक्कम दिली. ती दिली म्हणून माझं मन निवांत झालं होतं, हे मला आज कबूल केलं पाहिजे.

त्यानंतर भट्टीवर दोन माणसं आली आणि गेली. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, पूर्वीच्या निम्मंही टिकेना. कास्टिंगमधले ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, वाढले, ग्राहकाकडून माल परत यायला लागला. त्यामुळं मामा गेटवर आले म्हटल्यावर पहिला विचार फायद्याचाच आला. परत घेतलं तर माझी अडचण सुटत होती. म्हणूनच मी घाई केली नाही.

कन्सल्टंटना फोन लावला. ते सरळ बोलले. "ताई, घेऊ नका. एक परत आला की पुढच्या प्रत्येकाला दाखला मिळतो. आणि तुम्हीच परत घेतलंत म्हणजे काढणं चुकीचं होतं असा अर्थ निघतो. कोर्टात जायला त्यांना तीन वर्षं असतात, अजून दीड बाकी आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 11-अ खाली शिक्षा जास्त वाटली तर कोर्ट ती बदलू शकतं." सगळं खरं होतं. त्यांचं काम मला जपायचं आहे आणि ते ते नीट करतात.

मी कपाटातून फाइल काढली. त्या वेळी मी अहवालाचं शेवटचं पान वाचून सही केली होती. चौकशीतली प्रश्नोत्तरं वाचलीच नव्हती. आता वाचायला बसले. टाइप केलेली पानं, प्रत्येकाखाली मामांची सही, शाळेतल्या पोरासारखी, एकेक अक्षर सुटं. दुसऱ्या बैठकीत, चौथ्या पानावर, हे होतं.

प्रश्न: बोरिंग ओले असल्याचे आपणास माहीत होते काय?
उत्तर: होय.
प्रश्न: मग न सुकवता का टाकले?
उत्तर: घाई झाली.
प्रश्न: घाई करण्यास कोणी सांगितले होते काय?
उत्तर: कोणी नाही.

मी ते पान कितीदा वाचलं ते आठवत नाही.

त्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला मी मामांना फोन केला होता. मालाची गाडी पहाटे चारला लावायची होती. वाक्य मला जसंच्या तसं आठवतं: "मामा, काही झालं तरी तीन हीट निघाल्या पाहिजेत." ते म्हणाले, "बगतो ताई." हीट म्हणजे एकदा भट्टी भरून वितळवलेला माल. बोरिंग सुकवायचं तर तास गेला असता, आणि मग तिसरी हीट निघाली नसती. ओलं टाका असं मी म्हटलं नव्हतं, हे खरं. ओलं असेल तर थांबा असंही म्हटलं नव्हतं, आणि बाहेर पाऊस मलाही ऐकू येत होता. अपघातानंतर त्या फोनचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. आणि मामा, ज्यांची नोकरी त्या एका उत्तरावर अडली होती, त्यांनी "कोणी नाही" म्हणून खाली सही केली.

जेवण गेलं नाही. दुपारी मी फेटलिंगमध्ये गेले. भाजलेला पोरगा आता तिथं काम करतो, कास्टिंगच्या कडा घासतो. भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर तो परत चढलेला नाही, आम्हीही कधी सांगितलं नाही. ग्राइंडर बंद करून तो बाहेर आला. बाही वर होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताणलेली, गुळगुळीत, तिच्यावर एक केस नाही. मूठ वळताना करंगळी अजून मागं राहते.

मी म्हटलं, "मामा परत कामावर घ्या म्हणून आलेत. तुला काय वाटतं? तुझं नको असेल तर मी घेणार नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. चिंधीनं बोटं पुसत राहिला. मग म्हणाला, "ते माझ्यावर नका टाकू ताई. घ्या न्हाईतर नका घेऊ, ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता, "पण रातीचा फोन करत जाऊ नका. फोन आला तवा मी तिथंच हुतो."

त्यालाही माहीत होतं. दोन वर्षं त्याला माहीत होतं. रोज सकाळी तो मला "नमस्कार ताई" म्हणत होता.

मी त्याची तिथंच माफी मागितली. तो "असू दे" म्हणाला नाही, आणि तसं त्यानं म्हणावं अशी अपेक्षा धरायचा मला अधिकारही नव्हता. त्यानं मान हलवली आणि ग्राइंडर चालू केला.

चारला मामा आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. अंगानं उतरले होते. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला बसले.

"काय करत होता मामा इतके दिवस?"

"गुऱ्हाळावर. चुलवाणात जाळ घालायचं. हंगाम संपला." हाताकडं बघत म्हणाले, "जाळच येतोय मला. दुसरं काय येतंय?"

मी फाइल उघडून ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. "मामा, हे असं का सांगितलंत? फोन मी केला होता."

त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि परत माझ्याकडं सरकवलं. "तुमी तीन हीट म्हनला. बोरिंग मी टाकलं. भट्टीवर कोन हुतं? मी हुतो. न्हाई म्हनायचं माझं काम हुतं." मग आवाज उतरला. "अप्पांना मी न्हाई म्हनायचो, ठाऊक हाय तुमाला. अप्पा शिव्या द्यायचे, पन थांबायचे. तुमाला म्हनता आलं न्हाई."

आजवर मला कामाबद्दल जे काही ऐकवलं गेलं, त्यात हे सगळ्यात जास्त लागलं. अप्पा गेल्यावर मी कारखाना सुधारला असं समजत होते. वेळेवर डिस्पॅच, संगणकावर रोजचा हिशोब. आणि त्यातच कुठंतरी, अठरा-वीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाला माझ्यापुढं "नाही" म्हणता येईना इतकी मी उंच जाऊन बसले होते.

भट्टीवर त्यांना परत घ्यायचं नाही हे माझं तेव्हाही पक्कं होतं आणि आजही आहे. माझा फोन हे कारण असलं तरी ओलं बोरिंग त्यांच्या हातानं पडलं, ते त्यांनाही मान्य होतं. मी त्यांना स्क्रॅप यार्ड दिलं. माल उतरवून घेणं, सुकवणं, भट्टीत फुटू शकणाऱ्या बंद नळ्या आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळे काढणं, आणि त्यांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय एक घमेलंही भट्टीवर जाणार नाही. आदेशात एक ओळ मी स्वतः घातली: माल ओला असल्यास चार्ज (भट्टीत माल टाकणे) थांबवण्याचा अधिकार यांना आहे आणि तो मालकासही लागू आहे. पगार शेवटी होता तोच. नेमणूक मात्र नवी, जुनी सर्व्हिस तुटली ती तुटलीच. ग्रॅच्युइटी मिळायला लागणारी पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मामा 52 चे होते, 58 ला निवृत्ती, म्हणजे ती कशीबशी बसतात. जुनं 17 नंबरचं तिकीट, म्हणजे कामगाराचा नंबर, मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. ते मी दिलं.

संध्याकाळी त्या फोनबद्दल माझ्या हातानं एक पान लिहिलं, तारीख आणि वेळेसह, आणि चौकशीच्या फाइलला लावलं. एक प्रत मामांना दिली. कन्सल्टंट संतापले. "उद्या हेच पान ते कोर्टात ठेवतील," म्हणाले. ठेवू देत.

तिसऱ्याच आठवड्यात मामांनी चार्ज थांबवला. पाऊस जोरात होता, बोरिंगचा ढीग त्यांनी पत्र्यावर पसरला होता आणि मूठभर उचलून तळहातावर चोळून बघत होते. सुपरवायझरनं मला बोलावलं. मी गेले, बघितलं, आणि काही न बोलता परत आले. गाडी एक दिवस उशिरा गेली, ग्राहकानं रक्कम कापली.

रात्री मी कारखान्यात फोन करत नाही. पोरगा अजून मामांशी बोलत नाही. चहाच्या वेळी मामा यार्डच्या दारात बसतात आणि तो आपला कप घेऊन शेडच्या पलीकडच्या बाजूला जातो.