ओबद्या आणि आमचे साहेब

आज अंबडच्या कंपनीत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मागच्या तारखेची तपासणी रजिस्टरला टाका म्हणाले. जो माल मी पाहिलाच नाही, त्यावर माझी सही! "सर, सुट्टीच्या दिवशीही येतो, म्हणाल ते काम करतो, पण ही सही नाही होणार," एवढंच बोललो. आवाज थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

परतताना पांडवलेण्यांचा डोंगर दिसला आणि ओबद्या आठवला. बायबलमधला, इस्राएलच्या अहाब राजाचा घरकारभारी. राणी ईजबेल संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या, जिवावर उठलेली, आणि यानं त्यांच्यातले 100 जण 50-50 करून गुहेत लपवले, भाकरी-पाणी पुरवलं. तोच माणूस दुष्काळात त्याच राजाच्या घोडे-खेचरांसाठी गवत शोधत रानोमाळ हिंडला. चाकरीत कसूर नाही. मला हे गवताचं फार आवडतं.

बायबलमधलाच दुसरा राजसेवक दानीएल, त्याच्यावर लहानपणापासून किती उपदेश ऐकले! राजाने टाकलेल्या सिंहांच्या गुहेतूनही तो राजाला "महाराज, चिरायू असा" म्हणतो, तेही पाठ झालंय. ओबद्यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. घाबरट वाटत असेल. राजा ज्याला शोधतोय तो संदेष्टा एलीया भेटतो आणि "मी इथं आहे, असं राजाला सांग" म्हणतो, तेव्हा "अहाब मला मारून टाकील" हे तो एकदा नाही, तीनदा म्हणतो. आणि तरीही निरोप घेऊन जातो.

रात्री साहेबांचा मेसेज आला, "उद्या आठला या." जाणार आहे. डबा सांगून ठेवलाय. रजिस्टरचं काय, ते तिथं गेल्यावर कळेल.