एमजीबीचा वसंत: आधी ऑइल, मग ठिणगी

२२ मार्च, ट्रॉय, मिशिगन

दिवाळीच्या आठवड्यात गॅरेजात लावलेल्या १९६७च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवरचं कव्हर आज काढलं. पाच महिने ती एक वीतही हललेली नाही. दुपारी १२ अंश, लख्ख ऊन, म्हणून किल्ली फिरवायचा मोह अनावर होता. तरी किल्ली घरातल्या खुंटीवरच ठेवली आणि आजचा दिवस फक्त पाहण्यासाठी दिला.

स्टिअरिंगला दोऱ्याने एक कागद बांधलेला होता. ऑक्टोबरमध्ये मीच लिहिलेला: 'सायलेन्सरच्या तोंडात तारेचा बोळा. हँडब्रेक सोडलेला. टायरमध्ये ४० पौंड. ऑइल नवं.' हा कागद मला सगळ्या हत्यारांपेक्षा मोलाचा वाटतो. पाच महिन्यांनी बोळा हमखास विसरला जातो, आणि हँडब्रेक ओढलेला राहिला तर मागचे ब्रेक-शू ड्रमला गंजाने चिकटतात.

उंदीर यंदाही येऊन गेले. पुढच्या एअर फिल्टरच्या डब्यात कापूस आणि कागदाचे कपटे भरलेले होते. ते तसंच ठेवून इंजिन चालू केलं असतं, तर कार्ब्युरेटर उलटा भडकला की थेट त्या कपट्यांना आग. दोन्ही डबे उतरवून साफ केले, बॅटरीकडून येणाऱ्या वायरी बोट फिरवून तपासल्या. कुरतडलेली एकही सापडली नाही.

बॅटऱ्या सीटमागच्या फळीखाली, ६ व्होल्टच्या दोन, एकीला एक जोडलेल्या. हिवाळाभर लहान चार्जरवर होत्या, आज १२.७ व्होल्ट. इथे पारा उणे २०पर्यंत जातो. भरलेली बॅटरी त्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली गोठते आणि फुटते. या सालच्या गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. शेजाऱ्याच्या नव्या गाडीवरून केबल लावायची वेळ आली, तर दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर सरळ शॉर्ट.

२९ मार्च

आज पेट्रोल. गाडी हाताने ढकलून दाराबाहेर काढली, चाकांना ठोकळे लावले. बंद गॅरेजात इंजिन चालू करण्याचा तर प्रश्नच नाही, पेट्रोलची वाफसुद्धा मला आत नको.

एसयू या ब्रिटिश कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप उजव्या मागच्या चाकाजवळ असतो. किल्ली 'ऑन' केली की तो टिकटिकायला लागतो, दोन्ही कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारे छोटे कप्पे) भरले की थांबतो. ज्यांच्याकडे एसयूचा पंप आहे त्यांनी हा आवाज कान देऊन ऐकावा. टिकटिक थांबली नाही तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, इंजिन चालू करण्याआधीच ते सांगणारी ही खूण आहे.

फक्त एक करायचं: किल्ली 'ऑन' असताना इंजिन बंद राहणार असेल, तर ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलवरची पांढरी वायर आधी काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळायचा. पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असले तर कॉइल उगाच तापत राहते. वायर काढली की ठिणगीही नाही, म्हणजे सांडलेलं पेट्रोल पेटायचं एक कारण कमी.

लेक बोनेटपाशी अग्निशामक घेऊन उभी राहिली. मी किल्ली फिरवली. टिकटिक, टिकटिक. अर्धा मिनिट झालं, एक मिनिट झालं, थांबेना. तेवढ्यात ती ओरडली, "बाबा, बंद करा! खाली गळतंय!"

पुढच्या कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल वाहत होतं. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्ब्युरेटर वर आणि एक्झॉस्टची नळकांडी त्यांच्याखाली. आज ते लोखंड गार होतं, म्हणून जमिनीवर फक्त ओला डाग पडला. इंजिन चालू करून दहा मिनिटांनी हेच झालं असतं तर काय, या विचाराने हात थोडे थरथरले. सांडलेलं पुसलं, बॅटरीची केबल काढली, गाडी उघड्यावर ठेवून घरात गेलो.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, दुपारी फ्लोट चेंबरचं झाकण उघडलं. तीन स्क्रू, बस. चेंबरला हवेसाठी भोक असतं, त्यातून पेट्रोल हिवाळ्यात हळूहळू उडून गेलं होतं आणि तळाशी मधासारखा पिवळा चिकटा उरला होता. चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी नीडल त्यातच अडकलेली. टाकीत मी पेट्रोल टिकवणारं औषध घालतो, पण चेंबरमधलं पेट्रोलच उडून गेल्यावर ते काय करणार? इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणीही ओढतं. येत्या ऑक्टोबरपासून दोन्ही चेंबर रिकामे आणि कोरडे करून ठेवणार.

नीडल आणि तिची सीट नवीन घातली. झाकण उलटं धरून फ्लोटची उंची ड्रिल बिटच्या दांड्याने मापली, ३ ते ५ मिलिमीटरच्या मधे. पुन्हा किल्ली 'ऑन'. वीस-एक टिकटिकी, आणि पंप गप्प. लेकीने आणि मी पाच मिनिटं नळीखाली कोरडा कागद धरून ठेवला. कागद कोरडाच राहिला.

मग ज्यासाठी हा लेख लिहितोय ते काम. पाच महिन्यांत ऑइल सगळं खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरलेलं असतं. बेअरिंग, कॅम, सिलिंडरच्या भिंती जवळजवळ कोरड्या. अशा इंजिनाने पहिल्याच सेल्फला पेट घेतला आणि हजार आरपीएमवर धावलं, तर प्रेशर येईपर्यंतचे सेकंद धातूवर धातू. आमच्या नाशिकच्या अँबेसिडरला थंडीत मिस्त्री आधी हँडल घालून आठ-दहा फेरे द्यायचे आणि मगच स्विच लावायचे. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातली. त्यामुळे मिस्त्रींची ती सवय मला आपल्याच घरातली वाटते.

एमजीबीला हँडल नाही. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, चौथा गिअर टाकला आणि गाडी अंगणात हाताने थोडी पुढे-मागे ढकलली. पंखा फिरला, म्हणजे काही जाम झालेलं नाही. नंतर न्यूट्रल करून, पांढरी वायर अजून बाहेरच ठेवून, दहा सेकंद सेल्फ मारला. प्लग नसल्याने कॉम्प्रेशन नाही, बेअरिंगवर भार नाही, इंजिन भराभर फिरतं. प्रेशरचा काटा ढिम्म. स्टार्टर गार व्हायला एक मिनिट थांबलो. दुसऱ्या खेपेला काटा जरा थरथरला. तिसऱ्या खेपेला उठला आणि ४० पौंडांवर जाऊन बसला.

आता प्लग आत, वायर कॉइलला, चोक पूर्ण बाहेर. सेल्फ. दुसऱ्या फेरीतच पकडलं. काटा लगेच ६० पौंडांपलीकडे. भोकात सोडलेलं ऑइल जळून निळा धूर निघाला, दोन मिनिटांत विरला. चोक हळूहळू आत ढकलत ११००वर ठेवलं. मी रेस दिली नाही. लेक म्हणाली, "आवाज आजोबांच्या गाडीसारखा येतो." तिने ती गाडी फक्त व्हिडिओत ऐकली आहे, पण कान बरोबर आहे.

पाण्याचा काटा मधे येईपर्यंत चालवलं, टॉर्च घेऊन खाली पाहिलं, कुठेही ओल नाही. बंद.

५ एप्रिल

ब्रेक. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून मिनिटभर धरलं, ते बुडत गेलं नाही. पुढच्या डिस्कवर गंजाचा लाल थर आहे, तो चालवताना निघेल. क्लच पहिल्याच झटक्याला सुटला. दोन वर्षांपूर्वी प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, त्यामुळे धाकधूक होती. टायर ४०वरून नेहमीच्या प्रेशरला उतरवले. अंगणातच चालण्याच्या वेगाने पुढे-मागे, दर वेळी ब्रेक.

गाडी तयार होती, तरी रस्त्यावर काढली नाही. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, डेट्रॉइट शहराच्या खाली तर मिठाची मोठी खाणच आहे. कडेला अजून पांढरी पूड दिसते. या जुन्या पत्र्याला ती एकदा लागली की सांध्यांत शिरते आणि तिथेच खाते. दोन चांगले पाऊस होईपर्यंत थांबायचं, हा माझा नियम आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही.

१२ एप्रिल

मंगळवारी आणि गुरुवारी धो-धो पाऊस, काल ऊन. रस्ता काळा, स्वच्छ. सकाळी आठला टॉप उघडून निघालो. पहिले दोन मैल टायर गचके देत होते, एका जागी उभं राहून आलेली चपटी बाजू, ती गरम झाल्यावर गेली. एकूण १८ मैल. गरम इंजिनाला चालताना ५५ पौंड, सिग्नलला २०.

परत आल्यावर मागच्या कार्ब्युरेटरचं झाकण काढून पाहिलं. तिथेही तोच पिवळा चिकटा आहे, नीडल अजून अडकलेली नाही इतकंच. नवी नीडल मागवली आहे. ती येईपर्यंत गाडी अंगणाबाहेर जाणार नाही.