मामांची कॅबिन आणि सिनेमाचं संग्रहालय

टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर बरोबर असेल तर सिनेमाच्या संग्रहालयाचं तुमचं वेळापत्रक पार कोलमडतं, हे आधीच सांगून ठेवतो. माझे मामा तरुणपणी जत्रांमधून तंबूत सिनेमा दाखवत फिरायचे. परवा मुंबईत आले तेव्हा त्यांना पेडर रोडच्या राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालयात घेऊन गेलो. "आयुष्यभर तेच केलं, त्यात बघायचं काय?" हे निघताना दोनदा म्हणून झालं होतं.

ग्रँट रोडला उतरून टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याला संग्रहालयाचं लांबलचक नाव न सांगता 'फिल्म्स डिव्हिजन' म्हणा, आवार तेच आहे. सोमवारी बंद असतं. वेळ आणि तिकिटाची चौकशी निघण्याआधी करून घ्या.

संग्रहालयाचं उद्घाटन १९ जानेवारी २०१९ ला झालं. आवारात दोन इमारती आहेत. गुलशन महल हा एकोणिसाव्या शतकातला बंगला. तिथे सिनेमाच्या जन्मापासूनचा इतिहास क्रमानं मांडलाय. शेजारच्या नव्या इमारतीत गांधीजी आणि सिनेमा, मुलांसाठी स्टुडिओ, तंत्रज्ञान, देशभरातला सिनेमा असे विषयवार मजले. आम्ही नव्या इमारतीपासून सुरुवात केली. चूक माझीच. एसी दिसला आणि पाय तिकडे वळले. तुम्ही आधी बंगला बघा, डोकं ताजं असताना.

तंत्रज्ञानाच्या मजल्यावर प्रोजेक्टर दिसला आणि आमचं घड्याळ थांबलं. तोवर मामा लग्नघरी आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखे हात मागे बांधून फिरत होते. आता वाकून बघायला लागले. "हा लूप बघ," म्हणाले. फिल्म दातेरी चाकांवरून सारख्या गतीनं येते, पण भिंगासमोर तिला क्षणभर थांबावं लागतं, सेकंदाला २४ वेळा. ही धाव आणि हा थांबा यांची सांगड बसावी म्हणून वर आणि खाली फिल्मची थोडी ढील, म्हणजेच लूप, ठेवतात. ती आवळली की फिल्म फाटलीच समजायची. शिवाय पट्टीवर आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. खालचा लूप लहानमोठा झाला तर ओठ आणि संवाद मागेपुढे होतात. "मग पब्लिक आपल्या आईचा उद्धार करतं."

तंबूत एकच मशीन. २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपायचं, दिवे लागायचे, शिट्ट्या सुरू. तेवढ्यात दुसरं रीळ चढवायचं, ज्यांच्यामधल्या झोतानं पडदा उजळतो त्या कार्बनच्या कांड्या बघायच्या. कांड्यांमधलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा, म्हणून खेळभर एक हात ते अंतर जुळवणाऱ्या चाकावर. मामांनी सिनेमे शेकडो दाखवले, पण सलग एकही पाहिला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मागे चार-पाच शाळकरी पोरं येऊन ऐकत उभी होती. मामांचा आवाज चढला.

या सगळ्यात बाकीचे मजले भरभर उरकावे लागले. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या स्टुडिओसाठी वेगळा वेळ धरा. मुलं नसतील तर तो मजला सोडला तरी चालेल.

गुलशन महलमध्ये शिरलो तेव्हा हातात जेमतेम सव्वा तास होता. सुरुवातीच्या दालनात सिनेमाआधीची खेळणी आहेत. उभ्या फटींचं गोल पिंप, आत चित्रांची पट्टी. पिंप फिरताना वरून डोकावलं तर नुसता रंगांचा काला; फटीतून बघितलं की चित्र चालायला लागतं. इथे दोन चित्रांमध्ये अंधार पडला नाही तर चित्रं एकमेकांत मिसळून जातात. मामा लगेच म्हणाले, "आमच्या मशीनचं शटर, म्हणजे उजेड अडवणारी फिरती पाती, हेच करायचं. माणूस तिकीट काढून निम्मा वेळ अंधारच बघतो." इथे घाई करू नका. हे कळलं तर पुढची सगळी यंत्रं कळतात.

मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडणारं यंत्र, म्हटलं की मला कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आठवतात. काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर नाचवणारा त्यांचा खेळ १८९२ मध्ये सुरू झाला आणि त्याला त्यांनी 'शांबरिक खरोलिका' असं झकास नाव दिलं. सिनेमाला आपल्याकडे आधीच पडद्यासमोर बसायला शिकलेला प्रेक्षक मिळाला, तो असा.

मूकपटांच्या दालनात मात्र जीव थोडा उदास होतो. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले अगदी मोजके उरलेत. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागलेल्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची, एकही प्रत शिल्लक नाही. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटायची. "आमच्या फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' छापलेलं असायचं, म्हणजे तशी न भडकणारी," मामा म्हणाले. आणि मग जरा खालच्या आवाजात, "पण चाललेल्या प्रिंटी चांदी काढायला भंगारात जायच्या. मीच गोण्या भरल्यात." यावर मला काही बोलता आलं नाही.

पूर्ण बघायचं तर चार तास हाताशी ठेवा, पायात सवयीच्या चपला घाला आणि शक्य असेल तर एखादं असं माणूस बरोबर न्या ज्यानं रीळ हातात धरलंय. मोबाइल चार्ज करून न्या. माझा दुपारीच बंद पडला.

वेळ उरला तर दोन ठिकाणं जोडून करता येतील. काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत बाहेरून बघा. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ ला तिथे झाला. ते आमचं राहिलं. त्यापेक्षा जवळ हँगिंग गार्डन. आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे चित्रपटकार सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये तिथे एक कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुवायला विलायतेला पाठवली. बाकावर बसून मी मामांना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गुडघे चोळले आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण कुस्ती मारली कुणी?"