एफ२ दाबलं आणि…

आज कोडमधल्या एका फंक्शनचं नाव बदललं. एडिटरमध्ये (कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) एफ२, म्हणजे नाव सगळीकडे बदलायची कळ, दाबलं, नवं नाव टाकलं, क्षणात १४ फाइल्स दुरुस्त. मी खूश! टेस्ट चालवल्या तर दोन आपटल्या. जुनं नाव एका कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये अवतरणचिन्हांत निवांत बसलं होतं. एडिटरच्या लेखी ती नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर. तिचा फंक्शनशी काय संबंध, हे त्याला कोण सांगणार? शोधण्यात तास गेला.

तरी एडिटरला शिव्या घालवत नाहीत. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि कोडची भाषा समजणारा ‘सर्व्हर’ प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) आला, त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेची वेगळी सोय करावी लागायची. आता एका भाषेचा एकच सर्व्हर अनेक एडिटरना पुरतो.

फक्त बदलण्याआधी ‘अरे, हे नाव स्ट्रिंगमध्येही दिसतंय’ एवढं माझ्या एडिटरने आपणहून म्हटलं असतं, तर जेवण वेळेवर झालं असतं.