चकवा, ढग आणि मावसाजींचा खर्रा

मागच्या ऑगस्टमध्ये मावशीकडे गेलो होतो, गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला. सकाळी मावसाजी म्हणाले, "चाल बापू, सात्या पाहून येऊ." सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारं रानातलं मशरूम. मी नागपूरचा माणूस, रस्ता चुकलो तर पानठेल्यावर विचारतो, जंगलात कोणाले विचारू?

हेच जंगल मे महिन्यात पाहिलं होतं, तेव्हा सागाची पानं गळलेली, लांबची टेकडीपण दिसायची. आता पानं ताटाएवढी, आभाळ गच्च, सूर्याचा पत्ताच नाही. मावसाजी एका वारुळापाशी वाकले न् मी म्हटलं, जरा पुढचं पाहून येतो, सरळ जातो सरळ येतो, त्यात काय एवढं.

वीसेक मिनिटं मी एकदम सरळच चालून राहिलो होतो, म्हणजे मले तसंच वाटत होतं, आणि मग चिखलात एक चपलेचा ठसा दिसला. हायसं वाटलं, कोणीतरी आहे इथे! नीट पाहिलं तर टाचेजवळ तुटलेली नक्षी. माझीच चप्पल. पोटात खड्डा पडला राव. मोबाईल काढला तर निळा ठिपका पांढऱ्या पडद्यावर, बाकी नकाशा लोडच नाही.

बोंबललो. पाच मिनिटांत मावसाजी हजर, हसत हसत. "चकवा लागला तुले. बस खाली." बसलो. ते आरामात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटत बसले, माझं काळीज ठिकाणावर येईपर्यंत उठलेच नाहीत. मग म्हणाले, इथलं सगळं पाणी बोडीकडे, म्हणजे छोट्या तळ्याकडे, जाते, आणि बोडीच्या पाळीवरून गाव दिसते. बस्स. शिवाय ते जाताना सारखे मागे वळून पाहतात, कारण येताना तेच झाड दुसऱ्या बाजूने वेगळंच दिसते. मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

घरी येऊन वाचलं तर जर्मनीतल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या लोकांनी 2009 साली हेच छापलंय. माणसांना जीपीएस लावून जंगलात न् ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. ऊन असलं की बरीचशी सरळ गेली, ढगाळ दिवशी जंगलात गोल फिरून स्वतःचाच रस्ता ओलांडला आणि कळलंपण नाही. डोळ्यावर पट्टी बांधली तर काहींचा गोल फक्त 20 मीटर व्यासाचा! एक पाय लहान असतो म्हणून एका बाजूला वळतो असं म्हणतात ना, ते नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत होता. बाहेर धरायला खूण नसली की मेंदूचं 'सरळ' पावलापावलाला जरासं सरकतं, ती चूक साचत जाते.

हे सगळं मी जेवताना मोठ्या उत्साहात सांगितलं. मावसाजी म्हणाले, "मंग तेच तर सांगून राह्यलो, चकवा."

मावशीने टोपलीत डोकावलं. "दोघंजण अर्धा दिवस फिरले, न् एवढ्याशाच सात्या?"