काकांची साखरेची वही

काकांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा 16 वर्षांपासून घरात मुक्कामाला असलेल्या त्यांच्या मधुमेहाकडे आम्ही कोणी लक्षच दिले नाही. एवढे मोठे दुखणे समोर असताना साखरेचे काय घेऊन बसायचे, असे काकू म्हणाल्या आणि मलाही ते पटले होते. सर्जननी मात्र एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, 9.8 आलेली पाहून ऑपरेशनपूर्वी इन्शुलिन सुरू करण्याचा आग्रह धरला. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असल्यामुळे तो आठवड्यात उतरत नाही. पण ऑपरेशनच्या आसपासची रोजची साखर ताब्यात ठेवता येते, आणि जखम भरण्याच्या दृष्टीने तेच दिवस मोलाचे असतात, असे त्यांनी समजावले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी साखर 260 आली. पोटात अन्नाचा कण नसताना ती वाढलीच कशी, हा काकूंचा प्रश्न रास्त होता. शस्त्रक्रिया हा शरीरावरचा घावच असतो. त्या ताणामुळे कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन ही संप्रेरके वाढतात, यकृत साखर सोडू लागते आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. म्हणून अशा काळात साखर साधारण 180 च्या आत ठेवण्याचा प्रयत्न केला जातो, मात्र फार खाली जाऊ न देता. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील, तर जखमेला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही. सर्वांत मोठी भीती असते ती गाठ काढल्यावर आतड्याची दोन टोके शिवून केलेला जोड गळण्याची. काकांचा जोड टिकला, पण सहाव्या दिवशी टाक्यांत पू झाला आणि दवाखान्यातला मुक्काम वाढला.

त्या वाढलेल्या मुक्कामाची किंमत पुढे कळली. केमोथेरपी शक्यतो ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते आणि जखम बरी झाल्याशिवाय ती देता येत नाही. पुढे उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने साखर पुन्हा उसळली. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात. काकांच्या तळपायांना मधुमेहाने त्या आधीच होत्या, त्यामुळे डोस कमी करावा लागला.

2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका विश्लेषणात, मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी मधुमेह असलेल्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी, तर कॅन्सरनेच मृत्यू येण्याचा धोका 12 टक्क्यांनी अधिक आढळला. शंभरातले 17 जण जास्त दगावतात, असा याचा अर्थ नव्हे. मूळ धोका जेवढा असेल, त्याच्या तेवढ्या टक्क्यांनी ती वाढ असते. कॅन्सरशी संबंध नसलेले हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे आजारही मधुमेही माणसाचे आयुष्य कमी करतात, हे आमच्या घरात कोणी मोजलेच नव्हते.

या जानेवारीत काका सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जाड तळव्याची चप्पल घालून सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत गेले. पुढच्या महिन्यात त्यांची वर्षाची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, आहे. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थांवर राहायचे असताना इन्शुलिन किती घ्यायचे, हा प्रश्न त्यांनी आपल्या साखरेच्या वहीत डॉक्टरांना विचारण्यासाठी सर्वांत वर लिहून ठेवला आहे.