नऊ खांब, पाच महिने : आमच्या गल्लीत उजेड कसा आला

मी खानावळ चालवते. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं ठिकाण आहे, शहराचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी भांडावं लागलं त्यातल्याच काही जणांनी नंतर मनापासून काम केलं. लातूर, नांदेड, संभाजीनगरला नीट-जेईईसाठी खेड्यापाड्यातून लेकरं येतात ना, तशी आमच्याकडंही येतात. माझ्याकडं चाळीसेक पोरी जेवायला आहेत. सगळ्या सोळा-सतरा वर्षांच्या, पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या.

क्लासहून हॉस्टेलकडं यायला नाल्याच्या कडेनं एक गल्ली आहे. मेन रोडनं आलं तर वीस मिनिटं लागतात, गल्लीतून सात, आणि साडेआठला क्लास सुटल्यावर पोटात भूक असलेली पोरगी सात मिनिटांचाच रस्ता धरणार, तिला किती का समजावून सांगा. एका बाजूला वेड्या बाभळीचं रान, दुसऱ्या बाजूला भिंत पडलेलं बंद गोडाऊन. खांब नऊ. उजेड नावालाच.

२०२३ च्या डिसेंबरात माझ्याकडच्या एका पोरीचा हात धरून बाईकवरच्या दोघांनी मोबाईल हिसकावला. ती पडली, गुडघा फुटला, पळत माझ्याकडं आली आणि अर्धा तास तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी ११२ ला फोन लावला, गाडी आली, तक्रार झाली. तिचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं आले. चार एकर कोरडवाहू शेतीवाला माणूस, ओरडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही, फक्त पोरीची पेटी उचलली आणि म्हणाले, "मावशी, शिक्षण नंतर बगू, पोरगी नीट ऱ्हाऊ द्या." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दामिनी पथकातल्या, म्हणजे पोलिसांच्या महिला पथकातल्या, ताई चौकशीला आल्या होत्या त्यांनी मला जे सांगितलं तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणाल्या, काकू, आम्ही फेऱ्या वाढवतो, पण ह्या गल्लीत गाडीच्या लाइटीशिवाय आम्हालाच काही दिसत नाही, डार्क स्पॉट म्हणून आमच्याकडून महापालिकेला पत्र जातंच, तुम्ही रहिवाशांचं पण द्या, दोन्हीकडून गेलं तर फाईल हलते. तोपर्यंत मला वाटायचं सुरक्षा म्हणजे पोलिसांचं काम, महापालिकेचा त्यात काय संबंध. पण रस्त्यावर दिवे लावणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्येच तसं लिहिलंय (नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा, त्यात कलम ४९). हे कलम मी नंतर प्रत्येक अर्जात लिहिलं. कलम लिहिलेला अर्ज टेबलावर जरा वेगळ्या नजरेनं वाचला जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

पहिला अर्ज मी झोन ऑफिसात हातात देऊन आले. पोच घेतली नाही. दहा दिवसांनी गेले तर अर्जच सापडेना. त्यामुळं कुणीही हे वाचत असेल तर आवक विभागात जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर पाऊल टाकू नका. एरवी अशा वेळी नगरसेवकाला गाठायचं असतं, पण नगरसेवकांची मुदत संपून आमच्याकडं त्यांच्या जागी सरकारी प्रशासक होते, मराठवाड्यातल्या बहुतेक महापालिकांत तेव्हा हीच गत होती, म्हणजे वॉर्डात हक्कानं दार वाजवावं असं कुणी नव्हतं.

दुसरा अर्ज विद्युत विभागात पोचला तेव्हा इंजिनीअर साहेबांनी एकच विचारलं, खांब नंबर काय? मला वाटलं टाळायलेत. पण त्यांचं बरोबर होतं. दिवे दुरुस्त करायचा ठेका असतो, ठेकेदाराचा माणूस शिडीची गाडी घेऊन नंबरवर जातो, "नाल्याजवळची गल्ली" म्हणून त्याला काहीच कळत नाही. मग मी आणि माझी लेक वही घेऊन संध्याकाळी गेलो. सात खांबांवर नंबर होते, पुसट, दोघांवर नव्हतेच, तिथं समोरच्या घराची खूण लिहिली आणि फोटो काढले. दिवा आहे का, लागतो का, कधी लागतो, झाड आडवं येतं का, असं एकेका खांबाचं लिहिलं. त्या वहीनं जेवढं काम केलं तेवढं माझ्या रडण्यानं केलं नाही.

वहीतून कळलं ते असं की दोन दिवे लागत होते पण बाभळीच्या फांद्यात अडकलेले, दोन उडालेले, आणि पाच दिवे अख्खे नवे एलईडी असून मेलेले. शिवाय जे लागत होते ते सव्वासातला लागायचे. डिसेंबरात आमच्याकडं सहाच्या आत सूर्य बुडतो! साडेसहाला सुटणाऱ्या बॅचच्या पोरी काळोखातून यायच्या आणि त्यानंतर पाऊण तासानं दिवा लागायचा. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची पेटी आहे, तिच्यात टायमर असतो, तो उन्हाळ्याच्या वेळेवर लावलेला तसाच राहिला होता. हे दाखवल्यावर ठेकेदाराच्या पोरानं दोन मिनिटांत वेळ बदलून दिली, एक रुपया खर्च नाही. उडालेले दोन दिवेही त्याच आठवड्यात बदलले.

राहिले पाच, आणि खरे महिने गेले ते त्या पाचांपायी. महापालिका म्हणे आमचा दिवा चांगलाय, वरून करंटच नाही, वीज कंपनीकडं जा. वीज कंपनीचे लोक म्हणे खांब आमचा, तार आमची, पण दिवा महापालिकेचा, तिकडं जा. असं मी जानेवारीभर दोन्ही ऑफिसांच्या मधे फिरले, सकाळचा स्वयंपाक उरकून अकराला जायचं आणि दीडला पोरींचं ताट वाढायला परत यायचं. शेवटी एका वयस्कर लाइनमनदादांनी मला खांबाखाली उभं करून समजावलं. पूर्वी उघड्या तारा होत्या, तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी तार रस्त्याच्या दिव्यांची. आकडे टाकून वीज चोरणं थांबावं म्हणून त्या काढून जाड काळी केबल ओढली, तिच्यातही दिव्यांसाठी वेगळी कोअर, म्हणजे आतली तार, असते, पण पाचव्या खांबापासून पुढं ती जोडायचीच राहिली. म्हणजे दोघंही खरं बोलत होते आणि मधली पाच खांबांची गल्ली कुणाचीच नव्हती.

ह्याच काळात मी माहितीचा अधिकार वापरला. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. आपल्या महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून राग बाजूला ठेवून एकच मागितलं, दिवे देखभालीच्या ठेक्याच्या कराराची प्रत. एकोणतिसाव्या दिवशी मिळाली. त्यात होतं की तक्रार नोंदल्यापासून ४८ तासांत दिवा लागला पाहिजे, नाहीतर दिवसामागं दंड. हा कागद मी कुणाला धमकी म्हणून दाखवला नाही, पुढच्या अर्जाला जोडला फक्त.

पुढचा अर्ज लोकशाही दिनाचा, म्हणजे ज्या दिवशी अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्याचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतीत द्यायचा. मी ४ मार्च २०२४ च्या लोकशाही दिनासाठी दिला. वहीची पानं, फोटो, पोलिसांच्या पत्राची झेरॉक्स, करार, आणि सदतीस पालकांच्या सह्या. सह्या गोळा करायला पोरींनीच गावाकडं जाताना कागद नेले होते, काहींच्या आईनं अंगठा उठवलाय त्यावर. आयुक्तांसमोर मला बोलायला पाच मिनिटं मिळाली असतील. मी एकच मागणी केली, दोन्ही ऑफिसांचे इंजिनीअर आणि पोलीस एकाच वेळी गल्लीत उभे राहू द्या, आणि दिवसा नको, रात्री पावणेनऊला.

ती पाहणी पुढच्या सोमवारी खरंच झाली. आठ-नऊ माणसं होती. आधी सगळे मोबाईलचे टॉर्च लावून उभे होते, मी म्हणलं, साहेब, एक मिनिट बंद करा. त्या एका मिनिटात समोरून पोरींचा घोळका आला आणि अंधारात माणसं उभी बघून जागेवरच थांबला. एकीनं दुसरीचा दप्तराचा बंद घट्ट धरला. कुणीच काही बोललं नाही. टॉर्च परत लागले तेव्हा वीज कंपनीचे साहेब म्हणाले, कोअर उद्या जोडून देतो, आणि दुसऱ्या दिवशी चारला शिडी लागली सुद्धा. दोन अडीच तासांचं काम होतं. त्यासाठी मी अडीच महिने फिरले, त्याचं दुःख आहेच, पण त्या संध्याकाळी पाचही दिवे एकदम लागले तेव्हा आमच्या गल्लीतल्या आज्ज्यांनी हात जोडले हे पण मी पाहिलं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नवीन टेंडर थांबलं, पण चालू ठेक्यातली कामं चालू राहतात, त्यामुळं बाभळी तोडणं त्यात बसलं आणि एप्रिलात जेसीबीनं नाल्याची कड मोकळी केली. गोडाऊनच्या मालकाला पडक्या भिंतीची नोटीस गेली, त्यानं पत्रे ठोकून वाट बंद केली. गल्लीत कॅमेरे लावायचा प्रस्तावही होता, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, तो मात्र मागंच राहिला. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, काळोखात कॅमेरा लावून दिसणार काय, नुसत्या सावल्या. आधी उजेड, आणि उजेडात येजा करणारी माणसं. गल्लीच्या तोंडाशी आता एक चहाचा गाडा रात्री दहापर्यंत असतो, मला त्या गाड्याचा कॅमेऱ्यापेक्षा जास्त आधार वाटतो.

५ मेला नीट झाली. त्याच संध्याकाळी मी त्या पोरीच्या वडिलांना फोन केला. पोरगीनं घरी राहून अभ्यास केला, पेपर दिला म्हणाले, अवघड गेला. मी गल्लीचं सांगितलं, दिव्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. जूनमध्ये ते स्वतः आले, रात्री साडेआठला त्या गल्लीतून एकटे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले, मग पेटी खाली ठेवली. ती परत माझ्याकडं जेवायला होती, परत नीट देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला.

सात नंबरचा दिवा गेल्या पावसात दोनदा गेला. खांब नंबर सांगून तक्रार केली, तिसऱ्या दिवशी लागला. आता शेजारच्या शाळेमागच्या बोळातल्या बायका आल्यात, तिथं अकरा खांब आहेत. त्यांना वही दिलीय, परवा संध्याकाळी आम्ही मोजायला जाणार आहोत.